मामा, बाटली आणि ढिम्म सीट

...आणि वर मलाच विचारतात, "एवढी महागाची गाडी घेतलीस कशाला, अग्येई?" अहो, महागाची कुठली! अठरा वर्षांची गाडी, जर्मनीत तीन मालकांना पुरून उरली आणि बोटीनं आमच्या कुमासीत आली. पण सीट बटणावर चालणारी, बरं का! दाबलं की पुढे, दाबलं की मागे... थाट होता, तुम्हाला सांगतो! आणि एक दिवस बटण दाबलं, घूं झालं, सीट ढिम्म! पुढची उजवी सीट, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची, आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे; जवळजवळ पार मागे जाऊन बसलेली.

तुम्ही म्हणाल, राहू दे की तशीच. कशी राहू दे? महिन्याभरात पोकुआच्या घरी दार ठोठावायला जायचं होतं, म्हणजे मुलगी मागायला! बोलणी करणार बोआतेंग मामा. माणूस असा, की दारात उभा राहिला तर घरात अंधार. आणि मानाची माणसं आमच्याकडे पुढे बसत नाहीत, मागे उजवीकडे बसतात. म्हणजे नेमकी त्या सीटच्या मागे! मामा नाही तर बोलणी नाहीत, बोलणी नाहीत तर पोकुआ नाही.

गेलो मास्टर तवियाकडे. आमचा फिटर. कान लावून म्हणतो, "आवाज येतोय ना? म्हणजे मोटर जिवंत आहे." म्हटलं, मास्टर, जिवंत आहे ते कळलं, उठत का नाही? फ्यूज बदलला. बटण दाबलं, घूं झालं, सीट ढिम्म! डावीकडचं बटण काढून उजवीकडे लावलं. घूं... ढिम्म! वायरमन आला. तो म्हणाला, "फिटरनं वाट लावली." फिटर म्हणाला, "याला तारेतलं काय कळतंय!" मग दोघांनी मिळून माझ्या वाटणीची मक्याची केंकी आणि मासा संपवला, सीट ढिम्मच! खाली हात घालून बघावं हे दोघांनाही सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

उजाडला शनिवार. मामांना मागे बसवलं... बसवलं कसलं, कोंबलं! गुडघे हनुवटीला. वाटभर एकच, "अग्येई, ही गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं?"

पोकुआच्या अंगणात पोचलो. मामा म्हणाले, "बाटली काढ." श्नॅप्स दारूची बाटली पुढे ठेवल्याशिवाय अशा घरी तोंड उघडायचं नसतं. ती मी महिन्यापूर्वीच घेतली होती. आणि मामांच्या नजरेला पडू नये, कारण पडली की उरत नाही, म्हणून लपवली होती... सीटखाली.

हसा, हसा! माझ्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. बाटली रुळात आडवी, गच्च! सीट बोटभर मागे गेली तरच सुटणार. महिनाभर आम्ही सगळे बटण पुढेच दाबत होतो, मागे कुणाला हवी होती? म्हटलं, "मामा, पोट आत घ्या." बटण दाबलं, घूं झालं आणि... सरकली की हो! "अग्येई, मेलो!" बाटली सुटली. आता पुढे घ्यावी म्हणून दाबलं, तर घूंसुद्धा नाही. फ्यूज उडाला, मामा आतच अडकले!

दारात पोकुआची आत्या, कमरेवर हात. "मामा उतरत का नाहीत? आमच्या घरात पाऊल टाकायला कमीपणा वाटतो?" माझं लग्न तिथेच मोडत होतं हो! मामा खिडकीतून गोड हसले, "छे हो बाई, इथे वारा छान येतोय."

मग काय, खुर्च्या अंगणात आल्या, पाणी खिडकीतून आत गेलं, बाटली बाहेर आली. आता आमचे मामा म्हणजे बोलण्यातले वाघ! मुलीकडच्यांनी मागण्यांची यादी वाचली की ताडकन उठायचं, "चला, आपलं नाही जमायचं," आणि फाटकापर्यंत जायचं. तिथवर यादी अर्धी होते. त्या दिवशी उठणार कसे? आत्या म्हणाली, "बारा कापडं." "बरं." "आईला शिवणयंत्र." "बरं." "मुलीच्या चारी भावांना बूट." "अहो, पाचवा असेल तर त्यालाही घ्या, पण कुणीतरी ही सीट पुढे घ्या!" पोकुआ पडद्याआड हसत होती. ते हसू बघितलं आणि मी म्हटलं, द्या सगळं, परवडलं.

लग्न झालं. मास्टरनं सीट सरळ केली, आता लोण्यासारखी चालते. पण गावात तोंडं का कमी आहेत? धाकट्या भावाचं ठरतंय सध्या, आणि काल मुलीकडून निरोप आला, "आमची काही मागणी नाही. फक्त मामांना त्याच गाडीतून आणा."