आत्याने फेकलेली बुरशी

आमच्या आत्याला बुरशीचं भारी वावडं आहे. लोणच्याच्या बरणीला कुणाचा ओला हात लागला तरी ती घर डोक्यावर घेते.

तर यंदा मी गच्चीवर ट्रेमध्ये पपईची रोपं लावली. वीतभर होण्याआधीच ती बुडाशी कुजून कोलमडायला लागली. इथल्या दाल बाज़ारातल्या बियाणेवाल्याने एक पुडी दिली. म्हणाला, "भाईसाब, ये अच्छी वाली फफूंद है, बुरी वाली को खा जाती है. खाद में मिलाओ, गीले बोरे से ढको. हरी हो जाए तब पौधों में डालना." म्हणजे चांगल्या बुरशीने वाईट बुरशी मारायची, आणि खत हिरवं झालं की मगच रोपांना घालायचं.

मी शेणखतात पुडी कालवली, ओलं पोतं झाकलं आणि आठवडाभर भोपाळला गेलो. परत येऊन बघतो तर खत गायब!

"आत्या, खत कुठंय?"

"फेकलं. हिरवीगार बुरशी चढली होती रे त्याच्यावर!"

"फेकलंस कुठे?"

"त्या कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये. तशीही मरणारच होती ती रोपं."

पुढच्या आठ दिवसांत बाकीच्या सगळ्या ट्रेमधली रोपं आडवी झाली. कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये अकरा रोपं उरली होती. अकराच्या अकरा उभी! मी एक उपटून आत्याच्या हातावर ठेवलं. मुळं पांढरीशुभ्र. ती बघतच राहिली.

"जन्मभर जिला हाकललं, ती जीव वाचवते?"

मी पुन्हा खत कालवून पोतं झाकलं. आता आत्या स्वतः त्यावर पाणी शिंपडते. काल मी जिन्यातून बघितलं, पोत्याजवळ जाण्याआधी तिने चपला काढल्या.