फटफटीवर मी बसू कुठं?

...नाही, तुम्हीच सांगा बाई, ज्या माणसानं लग्नात कबूल केलं, 'तुले फटफटीवर माहेरी नेतो', त्यानंच फटफटीचं मागचं सीट काढून माळ्यावर फेकावं काय? आमचे हे शाळेत गणित शिकवतात, 'हातचा विसरू नका' म्हणून पोरायले छड्या मारतात, अन् घरी बायकोलेच विसरले! मी बसू कुठं?

तुम्हाले सांगते, महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या माहेराहून, बीबीहून, देऊळगाव राजाले नांदायले आली, एस.टी.नं. हे म्हणाले, 'पुढच्या खेपेले फटफटीवर, बीबीच्या वेशीतून, सगळ्यायच्या समोर!' आली फटफटी, लष्करातली जुनी. म्हटलं, आता काय, निघालोच... तं कोण्या मेल्यानं मुंबईहून इंग्रजी मासिक आणलं! त्यात शर्यतीच्या गाडीचा फोटो. हँडल खाली, टाकी लांब, सीट एकट्याचं, त्याच्यामागं पत्र्याचा उंचवटा. झालं! यायले आपली फटफटी तशीच करायची! दोन वर्षं ती घरभर पसरली. चेन माझ्या पातेल्यात रॉकेल पिऊन राह्यली, कार्बुरेटर देवघरात बालाजीच्या शेजारी... मी रोज दोघायलेही हळदकुंकू वाहिलं! विचारलं, 'अहो, काऊन एवढं?' तं म्हणे, 'हौस आहे.' हौस! अन् मी बसू कुठं?

पत्र्याचं काम देल्लं फकीर मोहम्मद चाचाले. चाचा जन्मभर धान्याच्या कोठ्या बनवणारे, त्यायनं पेट्रोलच्या टाकीलेही कडी-कोयंडा ठोकून देल्ला! वरून म्हणतात, 'शालिग्रामभाऊ, ताला लगाव, बेफिकर सोव!' अन् तो मागचा उंचवटा... फोटोत असेल वीतभर, चाचानं आणला चांगला हातभर लांब, वरून सपाट, खालून लोखंडी पट्ट्या मारून. हे रागानं लालबुंद! 'चाचा, फोटो पाह्यला नाही काय?' चाचानं चष्मा कपाळावर सरकवला. 'देखा ना! ये आगे तुम, ये पीछे बहू. नहीं तो बहू बैठेगी किधर?'

यायनं हातोडा उचलला, उंचवटा छोटा करायले. मी दारात उभी. दोन वर्षं सारखी बडबडली हो मी, पण तेव्हा नुसते डोळेच भरले. यायनं माझ्याकडं पाह्यलं, मग पत्र्याकडं. हातोडा ठेवला, आत गेले, अन् स्वतःची उशी आणून सुतळीनं त्या पत्र्यावर बांधली. म्हणे, 'पत्रा उन्हानं तापते.' एवढंच! माझा तं जीव असा भरून आला, की त्या दिवशी पातेल्याचंही सगळं माफ केलं.

निघालो बीबीले. पण हँडल खाली ना! हे टाकीवर पालथे, डोकं दिव्याच्या मागं दडलेलं, अन् मी उशीवर ताठ, पदर खोचून, रस्त्याची सगळी धूळ अन् चिलटं माझ्याच तोंडात! पण यायची पाठ हाताशी होती... हात टेकवला, तो बीबी येईपर्यंत काढला नाही.

वेशीत रुक्मिणीकाकू उभी. मले पाहून जे ओरडली... 'अवं, पहा पहा, अन्नपूर्णी फटफटी चालवत आली!' गोळा झाले ना सगळे! इतके दिवस मी एकटी विचारत होती, मी बसू कुठं... आता अख्खं बीबी विचारून राह्यलं, 'जावई बसले कुठं?'