भरल्या पोटी शपथ

(मेकाँग नदीच्या अलीकडच्या, सयामच्या काठावरचं गाव. पलीकडचा काठ गेल्या वर्षीपासून फिरंग्यांचा. विहारात गावोगावचे मुखिया राजनिष्ठेची शपथ घेऊन पाणी पिताहेत. बाहेर चिंचेखाली तिघं : बँकॉकहून आलेला अधिकारी प्रासित, इथला नवा मुखिया थोंगदी आणि त्याची बायको पेंग.)

थोंगदी : ...तेव्हा मला वगळा साहेब. मी सकाळी भात खाल्लाय.

प्रासित : काय खाल्लंय?

थोंगदी : भात. सुकी मासळी. थोडी मिरची.

प्रासित : मिरचीचं राहू द्या. हे पाणी उपाशीपोटी प्यायचं असतं, कोणी सांगितलं नाही?

थोंगदी : सांगितलं ना. म्हणूनच खाल्लं. वैद्य भरल्या पोटी काढा देतो का? उद्या ये म्हणतो. मला वाटलं, तुम्हीही पुढच्या वर्षी ये म्हणाल.

प्रासित : मुखिया, शपथेआधी भात खाणं हे बंड आहे.

थोंगदी : भात?

प्रासित : कायद्यात तसं लिहिलंय. बोटात अंगठी ठेवून पाणी पिणं, तेही बंड. उरलेलं पाणी डोक्यावर न ओतता जमिनीवर सांडणं, बंड. आपला पेला शेजाऱ्याला देणं, बंड.

थोंगदी : आणि तलवार उपसणं?

प्रासित : तेही.

थोंगदी : शिक्षा?

प्रासित : सगळ्यांना एकच.

थोंगदी : मग लोक तलवारीवर उगाच खर्च करतात.

पेंग : साहेब, यांचं मनावर घेऊ नका. जुना मुखिया वारला आणि हे काम यांच्या गळ्यात पडलं, अजून रुळले नाहीत. भात मी वाढला. मला काही बंड करायचं नव्हतं. मासळी संपवायची होती.

प्रासित : बाई, हळू बोला. मी यातलं काहीही ऐकलेलं नाही. मुखिया, तुम्ही सकाळपासून उपाशी आहात. आत जा, दरबारचे ब्राह्मण सांगतील ते म्हणा, पाणी प्या, उरलेलं डोक्यावर ओता आणि घरी जा.

थोंगदी : भाताचं मिटलं म्हणता. पण ती यंदाची नवी ओळ आहे ना, "पलीकडच्या काठावर पाऊल ठेवणार नाही". ती नसती तर मी घागरभर प्यायलो असतो.

प्रासित : पलीकडे फिरंगी आहेत.

थोंगदी : पलीकडे चांती आहे.

पेंग : आमची मुलगी. तिकडे दिली तेव्हा तो नुसता पलीकडचा काठ होता. वऱ्हाड होडीतून गेलं आणि रात्री घरी येऊन झोपलं. आता लोक म्हणतात, परदेशात दिली. एवढं मोठं स्थळ आम्ही कुठे बघितलं होतं, साहेब?

थोंगदी : पहिलटकरीण आहे. दिवस भरलेत.

प्रासित : मी आता जे सांगतो ते ऐकून विसरा. आत जे मुखिया प्यायले, त्यांच्यातल्या निम्म्यांचे सोयरे पलीकडे आहेत. संध्याकाळी त्यांच्या होड्या सुटतील. मी संध्याकाळी नदीकडे पाठ करून जेवतो.

पेंग : ऐकलंत? साहेब पाठ करून जेवतात. आता प्या आणि चला घरी.

थोंगदी : त्यांना जमतं. मला नाही जमत, तुला ठाऊक आहे.

पेंग : ठाऊक आहे. साहेब, या माणसाने एकदा म्हशीला शब्द दिला होता, तुला विकणार नाही म्हणून. ती म्हातारी झाली, बसून खात राहिली, आणि आमचा नांगर शेजाऱ्याची म्हैस ओढत होती.

थोंगदी : तिने ऐकून घेतलं होतं गं. साहेब, एक विचारू? ज्याच्या मनात इमान आहे, त्याला शपथेची गरज नाही. ज्याच्या मनात नाही, तो पाणी पिऊन ढेकर देतो. मग ही शपथ अडवते कोणाला?

प्रासित : तुम्हाला.

थोंगदी : एवढ्या मोठ्या सरहद्दीवर मी एकटाच सापडलो?

प्रासित : मुखिया, तुम्हाला वाटतंय हे फक्त तुमच्यावर लादलंय. तसं नाही. पूर्वी फक्त प्रजा प्यायची. आता बँकॉकला महाराज स्वतःही हे पाणी पितात.

थोंगदी : महाराज? कोणाशी इमान राखायचं म्हणून?

प्रासित : आपल्याशी. तुमच्याशी, माझ्याशी.

पेंग : हे कशाला सांगितलंत साहेब? झालं. आता हे ऐकायचे नाहीत.

प्रासित : मी धीर द्यायला सांगितलं.

पेंग : तुम्ही यांच्यापुढे दुसरी म्हैस आणून उभी केलीत.

प्रासित : बाई, हे तर नक्कीच बंड आहे.

थोंगदी : ते माझ्यासाठी पाणी प्यायले, आणि मी संध्याकाळी होडी सोडायची?

प्रासित : मग पिऊ नका. मी तुम्हाला बेड्या घालून खाली बँकॉकला नेईन. इतकी वर्षं नोकरी केली, कोणाला बेड्या घातल्या नाहीत. पण नेईन. मुलगी तुम्हाला तेव्हाही दिसणार नाही.

थोंगदी : आणि प्यायलो तर?

प्रासित : घरी राहाल. बाकी कोणी तपासणार नाही, थोंगदीबाबा. शप्पथ सांगतो.

थोंगदी : मी तपासेन ना.

पेंग : साहेब, हे पाणी बायकांना पाजतात?

प्रासित : गावच्या बायकांना नाही. त्यांच्या इमानाचं कोणी विचारलेलं नाही.

पेंग : बरं झालं विसरले. चांतीच्या बाबा, आत जा आणि प्या. होडी मी नेते.

थोंगदी : एकटी? नदी भरलीय.

पेंग : बाळंतपणात तसेही तुम्ही काय कामाचे होता? दाराशी बसून घाम पुसला असता.

थोंगदी : तिला काय सांगशील?

पेंग : खरं ते सांगेन. बाप पाणी प्यायला म्हणेन.

थोंगदी : रागावेल.

पेंग : रागावेल. मीही रागावलेय. पण ते घरी आल्यावर.

प्रासित : मुखिया, आत तुमचं नाव पुकारताहेत.

थोंगदी : शपथेत पाऊल ठेवायचं नाही, एवढंच आहे ना? या काठावर उभं राहून बघण्याबद्दल काही?

प्रासित : नाही. त्याबद्दल काही नाही.

थोंगदी : पेंग, उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिकडची वाळू बरीच पुढे येते. मूल उभं राहायला लागलं की चांतीला सांग, त्याला वाळूवर घेऊन ये.

पेंग : एवढ्या लांबून काय दिसणार तुम्हाला?

थोंगदी : लाल काहीतरी घाला त्याच्या अंगात.