मी पाणीसुद्धा फुंकून पितो

नको, नको, उषाताई, तो कप आधी माझ्यासमोरून उचला... नाही हो, शुगर निघाली नाही, उपास नाही, तुमच्यावर रागही नाही, आलं असं ठेचून घातलंय तुम्ही की जीव मघापासून त्या कपात जाऊन बसलाय, पण नको. बिस्कीट राहू द्या. बुडवायचं कशात, तेवढं मात्र विचारू नका. आता तुम्ही सगळे असे माझ्याकडे बघायला लागलात म्हणजे सांगावंच लागणार. तुम्हाला सांगतो, या भगवंतरावाने चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली, अर्ध्या हैदराबादला पाणी पाजलं, भर मे महिन्यात गल्लोगल्ली टँकर फिरवले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि घरातल्या अडीच वर्षांच्या पोरीला वाटीभर पाणी पाजताना माझे हाल कुत्रं खाईना. साधं पाणी हो. त्यात काय असतं?

झालं काय, आमच्या रितेशची मुलगी, रेणू, तिच्या वरच्या दोन दातांवर काळे ठिपके दिसले. आमची ही, सत्यवती, म्हणाली, चॉकलेट लागलं असेल, आणि पदराने पुसायला लागली. पुसतेय, पुसतेय, ठिपका काही हलेना. मग सूनबाई, प्राजक्ता, तिने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी हिमायतनगरला लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे आमची अख्खी वरात. पेशंट एक, सोबत चौघं. बाईंनी रेणूला उंच खुर्चीत बसवलं, तोंडात बॅटरी मारली आणि माझ्याकडेच वळल्या, का कोण जाणे, माझ्या तोंडावर लिहिलेलं असतं बहुतेक. 'अंकल, ये दाँतां देखो. मीठा कौन पिलाता बच्ची को?'

प्राजक्ता पुण्याची. ती ताठ बसून म्हणाली, 'डॉक्टर, आमच्याकडे तिला साखर अजिबात देत नाहीत.' अजिबात! मीही मान डोलावली. सत्यवतीने डोलावली. रितेशने तर दोनदा डोलावली. आणि त्या खुर्चीवरून आमची बाईसाहेब, अडीच वर्षांची, एकेकाकडे बोट दाखवत काय म्हणते... 'आबा च्या. आज्जी लाल पानी. पप्पा जूस.' मग जरा थांबली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, 'मम्मा पिंक दूद.'

संपलं. म्हणजे मला वाटत होतं, मी बशीतला दोन घोट चहा देतो तेवढाच, बाकी पोर सोवळी. सत्यवतीला वाटत होतं, गुलाबाचं सरबत काय ते मीच देते चोरून. रितेशला वाटत होतं, डब्यातला ज्यूस म्हणजे फळच. आणि प्राजक्ताला वाटत होतं, गुलाबी पावडर घातली तरी दूध ते दूधच. घरात चार चोर, आणि प्रत्येकाला वाटतंय बाकीचे तिघं साव. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस बघू. गोड प्यायचं सगळं बंद. दूध बिनसाखरेचं, आणि मध्ये मध्ये पाणी. नाहीतर कीड आत जाईल, मग 'बच्ची को बेहोश करके काम करना पड़ेगा.'

बेहोश. एवढासा जीव तो. माझं बोट धरून बसली होती, आणि मला एकदम वाटलं, त्या ठिपक्यातला निम्मा ठिपका माझा आहे. चहा मी दिला. 'आबा च्या' म्हणत यायची, मिठीत शिरायची, मला कौतुक वाटायचं, मी द्यायचो. मी खिशात रुमाल शोधायला लागलो. बाईंनी ते बघितलं आणि मला धीर द्यायला म्हणाल्या, 'इत्ता कैकू घबराते अंकल? सादा पानी पिलाओ. उसमें क्या है?'

उसमें क्या है? काहीच नाही, डॉक्टरीणबाई, हीच तर अडचण आहे. रंग नाही, चव नाही, वास नाही. त्यात काही असतं तर पोरीने प्यायलं नसतं का?

घरी आलो. पेल्यात पाणी भरलं, तिच्यापुढे धरलं. तिने आत वाकून बघितलं. माझ्याकडे बघितलं. म्हणते, 'पानी नाही.' मी म्हणालो, बाळा, हे पाणीच आहे. 'पानी लाल,' म्हणाली आणि पेला हाताने सारला. आता बोला. आज्जीच्या राज्यात पाणी लाल असतं! चौतीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्याकडे गढूळ पाण्याच्या तक्रारी आणल्या, पिवळ्या पाण्याच्या आणल्या, पाणी स्वच्छ आहे ही तक्रार घेऊन आलेली ही पहिलीच.

मग सुरू झाले प्रयोग. रितेश कॉम्प्युटरवाला, तो म्हणाला, बाबा, सिस्टिम पाहिजे. त्याने हत्तीच्या सोंडेची बाटली मागवली आणि मोबाइलमध्ये दर तासाला घंटा लावली. घंटा झाली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि रेणूने प्यायचं. घंटा व्हायची, आम्ही तिघं-चौघं टाळ्या वाजवायचो, रेणूही वाजवायची. प्यायचं कोणी? कोणीच नाही. कामाला येणारी यादम्मा एकदा दारातच थांबली, म्हणाली, 'अय्यो, भजन चालू है क्या?' सत्यवतीने पाण्यात वाळा टाकला, पुदिना टाकला, लिंबाची चकती टाकली... चकती चोखून झाली, पाणी तसंच. मी बेगम बाजारात जाऊन, चार दुकानं हिंडून, तोटीचा छोटा माठ आणला. दुकानदार विचारतो, 'बच्ची के वास्ते? अरे साब, सादा पानी, इसमें क्या है, खेलते खेलते पी लेती.' खेळली की! तोटी उघडून सगळा माठ फरशीवर सोडला, त्यावरून मी घसरलो, कंबर धरून बसलो, आणि ती टाळ्या वाजवतेय. घंटेची सवय.

पाच दिवस झाले. पोरीच्या पोटात दूध सोडून दोन चमचे पाणी गेलं असेल, तेही आंघोळीचं. ओठ कोरडे पडायला लागले. मग प्राजक्ताने मला समोर बसवलं, आवाज अगदी मऊ... पुण्याचा आवाज मऊ झाला ना, की समजायचं, आपलं काही खरं नाही. 'बाबा, मुलं अनुकरण करतात. आपण जे पितो ते तिला हवं असतं. म्हणून मी ठरवलंय, घरात गोड कोणीच काही प्यायचं नाही.' मी म्हणालो, हो हो, सरबत बंद, ज्यूस बंद, बरोबर आहे. ती म्हणाली, 'चहासुद्धा.' मी सत्यवतीकडे बघितलं. माणूस संकटात बायकोकडे बघतो, चुकतं ते. ती म्हणते, 'पोरीच्या दातापेक्षा तुमचा चहा मोठा झाला का?'

नाही झाला. सोडला. बिनसाखरेचा घेऊ का, असं पुटपुटलो, तर प्राजक्ता म्हणे, तिला काय कळणार बिनसाखरेचा आहे ते? तेही खरंच.

आता ऐका. नववा दिवस. दुपारचे चार. चाळीस वर्षं चारच्या ठोक्याला माझ्या हातात कपबशी असते, ऑफिसात असो, सोयऱ्यांच्या घरी असो, मैतीला असो. डोकं भणभणायला लागलेलं. मी आपला बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो, हातांना चैन पडेना, म्हणून रिकामी कपबशी घेतली, कपात पाणी ओतलं. नुसतं धरून बसायला हो. पण हाताला काय सांगणार? हाताने कप तिरपा केला, पाणी बशीत आलं, बशी तोंडाशी आली, आणि तोंडाने फुंकर मारली. थंड पाण्यावर! मग सुर्रकन ओढलं आणि वर 'आहाऽ' सुद्धा म्हणालो. स्वतःची कीव आली मला.

तर मागे रेणू उभी. 'आबा च्या?'

खोटं बोलावंसं वाटलं. पण ज्या खोटेपणाने दात किडले तोच परत कशाला? म्हणालो, 'पाणी आहे बेटा. नुसतं पाणी.' तिने बशीत बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, लाल नाही. ती म्हणाली, 'फू कल.' मी फू केलं. तिने दोन्ही हातांनी बशी धरली, सुर्रकन ओढलं, सगळी बशी, थेंब ठेवला नाही, आणि ओली हनुवटी वर करून म्हणाली, 'आहाऽ.' मग म्हणाली, 'अजून.'

तुम्हाला सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तिला चहा नको होता, सरबतही नको होतं. तिला बशी पाहिजे होती, आणि माझी फुंकर.

आता इथे गोष्ट संपायला पाहिजे होती ना? नाही संपली. सत्यवतीने बशी धरली, प्यायली नाही. प्राजक्ताने धरली, नाही. रितेशने फुंकर मारली तर 'पप्पा नक्को' म्हणून तोंड फिरवलं. आबाच पाहिजे. आणि आबाने आपलं प्यायल्याशिवाय ही पीत नाही. दोन बशा, दिवसातून सहा वेळा, आधी माझ्या बशीत डोकावून तपासणी, मग फू, मग सुर्र, मग आहाऽ. जग दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितं, मी पाणी फुंकून पितो, तेही माठातलं! समोरच्या बाल्कनीतले नामदेवराव चार दिवस बघत होते, पाचव्या दिवशी खाली गाठून हळूच विचारतात, 'भगवंतराव, तब्येत ठीक आहे ना?'

आणि आता माझं पाप सांगतो. चौदावा दिवस, दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी भाजी आणतो म्हणून निघालो आणि नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात शिरलो. एक चहा. एकच! बशीत ओतला, डोळे मिटले, काय सांगू... घरी आलो तोंड धुऊन, वेलदोडा चघळून. रेणू पळत आली, कडेवर चढली, आणि माझ्या मिशीला नाक लावलं. मिशी विसरलो होतो मी. 'आबा च्या प्याला.' ओरडली नाही, रडली नाही, फक्त उतरली खाली. त्या संध्याकाळी दोन बशा भरल्या, फू केलं, सुर्र केलं. ती बशीकडे बघेना. रात्रभर पाणी नाही. सकाळीही नाही. मी तिच्यापुढे फरशीवर बसलो, या कंबरेने, कान धरले आणि म्हणालो, 'चुकलं आबाचं. आता नाही पिणार.' तिने माझी बशी माझ्याकडे सरकवली, मिशीचा वास घेतला, आणि म्हणाली, 'फू कल.'

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली. ठिपके आहेत तेवढेच, आत गेलेले नाहीत. बेहोश करायची गरज नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच भिंतीला टेकलो. बाई म्हणाल्या, 'देखो अंकल, मैं बोली थी ना, सादा पानी, उसमें क्या है? बस ऐसाइच चालू रखो.' मी विचारलं, कधीपर्यंत? म्हणाल्या, 'दूध के दाँतां गिरना शुरू होते तक. छे साल की होती ना, तब तक.'

सहा वर्षं. ती आज अडीच वर्षांची. साडेतीन वर्षं, दिवसाच्या सहा बशा, आणि घरी गेलं की दारात मिशीची तपासणी. मिशी काढ म्हणतो रितेश. पन्नास वर्षांची मिशी हो! चहा गेला, आता मिशीही देऊ?

तर उषाताई, कळलं ना, कप का उचला म्हणालो? बशी मात्र राहू द्या, चार वाजलेत, हात ऐकत नाहीत. तिच्यात पाणीच ओता. साधं पाणी, त्यात काय असतं... फक्त एवढं करा, जरा गरम करून आणा. म्हणजे निदान फुंकायला तरी कारण राहील.