शेवटचा खांब

हॅलो?… हो आई, बोला… प्रयोगशाळेतच आहे… जेवलो… बरं, नाही जेवलो. कसं कळतं हो तुम्हाला? तुमच्या लेकीलाही असंच कळायचं.

नाही, घसा ठीक आहे. यंत्रापाशी कुजबुजायचं, तिचाच नियम. बोलण्यानंसुद्धा खांब हलतो…

खांब हो, धातूचा. तिनं कोरलेले… बारा. अकरा यंत्रात दाबून मोडून झाले, ती होती तेव्हाच… हो, लहानपणी घड्याळं मोडायची, सांगितलंय तुम्ही. इथं मोडायचा पगार मिळायचा तिला.

हा शेवटचा… हो, तिच्याच हातचा.

घरी? अहो, कशात आणू? एका केसाच्या टोकावर असे शंभर मावतील. डबीत ठेवला तर नुसती डबीच दिसेल तुम्हाला!… हसा, हसा. ती गेल्यापासून पहिल्यांदा हसलात.

…ऐका ना. एवढ्या थंडीत हा धातू काचेसारखा तडकतो, सगळे तेच म्हणतात. अकराही तडकलेच. ती म्हणायची, मी जाड कोरतेय, अजून बारीक केला तर वाकेल. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी हा कोरला. सगळ्यांत बारीक… हो, ताप अंगात असताना. माझं ऐकलं कधी तिनं?

सकाळपासून गार करतोय. उणे एकशे नव्वद झालंय. आज दाबला नाही तर दंव धरेल, वाया जाईल. आणि दाबला की… हो. मग तिच्या हातचं इथं काहीच नाही.

आई, तुम्ही नको म्हणा ना. तुम्ही म्हणालात तर आत्ता बंद करतो सगळं.

…

काय?… नाही, ऐकू आलं. मोडायलाच केला होता तिनं… हो… हो, खरंय. ती मला ओरडली असती.

फोन ठेवू नका. फक्त बोलू नका हं.

पडद्यावर नीट दिसतोय. दाबतोय.

…

…

वाकतोय… आई, वाकतोय! तडकला नाही, हळूहळू कलतोय, एका बाजूला… बरोबर होती ती! तुम्ही थांबा हं, तिला आधी सांगून येतो…

…

आई?

…रडू नका ना… हो. हो, चुकून बोललो मी…

आई, ठेवू नका… हॅलो?

हॅलो?