हळकुंडाचा रक्तदाब

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, सरपंच द्वारकाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती डॉ. माणिकराव कऱ्हाळे साहेब आणि गावातून, तांड्यावरून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी कोमल, या आरोग्य केंद्रातली परिचारिका. साहेबांबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. पण अकरा वर्षं सोबत काम केलेल्या माणसाबद्दल नुसतं गोड बोलून कसं भागेल?

तीन वर्षांपूर्वी मला मोबाईलवर एक ॲप सापडलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की रक्तदाब सांगणारं. मी हरखून गेले आणि साहेबांना न विचारता तांड्यावर घरोघरच्या फोनमध्ये ते घालून दिलं.

महिन्याभरात तांड्यावरच्या रुख्मिणीबाई चक्कर येऊन पडल्या. सून निता त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आली. केंद्रातल्या रक्तदाबाच्या यंत्रावर आकडा दोनशेच्या पुढे.

साहेबांनी विचारलं, "गोळ्या काहून सोडल्या, बाई?"

"मोबाईल रोज सांगून राहिला, बराबर हाय. मंग कशाला खाऊ?"

ते ॲप मीच घालून दिलेलं.

बाई सावरल्यावर आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी. साहेब म्हणाले, "सिस्टर, ते ॲप उघडा. तपासून पाहू."

आठ दिवस आम्ही येईल त्याचा दाब आधी यंत्रावर, मग ॲपवर मोजला आणि वहीत शेजारी-शेजारी लिहिला. साहेब स्वतः गच्चीचा जिना तीनदा चढून आले. यंत्राचा आकडा चढला, ॲपचा जागचा हलला नाही. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यावर चक्क हळकुंड ठेवलं. ॲप म्हणालं, एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. साहेब गंभीरपणे म्हणाले, "याला गोळी नको."

हसा, हसा. तेव्हा मीही रडता रडता हसले होते.

मग आम्ही दोघं तांड्यावर गेलो, प्रत्येक फोनमधून ते ॲप काढलं. गोळीची आठवण करून देणारं दुसरं एक मात्र साहेबांनी महिनाभर स्वतः वापरून पाहिलं आणि मगच निताच्या फोनवर दिलं. रुख्मिणीबाई आज समोर बसल्यात, ठणठणीत.

त्या दिवशी तांड्यावर साहेब हात जोडून म्हणाले होते, "आमच्या हातून चूक झाली." साहेब, तुम्ही 'आमच्या' म्हणालात. आज सगळ्यांसमोर सांगते, ती चूक माझी एकटीची होती.

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपली समजून पदरात घ्या.