दहा ओहमचं खोटं लेबल

"बाय, खरं रीडिंग एवढं शानं नसतं."

सतरा वर्षांपूर्वी ऐकलेलं हे वाक्य अजून माझी पाठ सोडत नाही. भाषण अध्यक्षांपासून सुरू करतात, रीडिंगपासून नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा रीत पाळते. आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह माननीय गोपीनाथराव, प्राचार्या भावनाताई, मंचावर बसावं लागल्यामुळे अवघडलेले सत्कारमूर्ती काळुरामकाका, पहिल्या रांगेतल्या आवडाबाई काकी, सहकारी मित्रमैत्रिणी आणि चहाचा वास येऊनही जागा न सोडणारे आजी-माजी विद्यार्थी, सर्वांना नमस्कार.

काळुरामकाका चौतीस वर्षांनी आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त होत आहेत. सभागृहाच्या दाराशी जो फलक आहे, त्यावर एकही मेमो न मिळता निवृत्त झालेल्यांची नावं रंगवतात. काल पेंटर येऊन गेला. काकांचं नाव त्याने लिहिलं नाही, कारण काकांच्या फाइलीत एक मेमो आहे. मला बोलायला दिलेली पाच मिनिटं मी त्या एका कागदावर घालवणार आहे. गोपीनाथराव, आपण घड्याळ पाहिलंत, ते मी पाहिलं.

आधी त्या वाक्याची गोष्ट. मी शिक्षिका म्हणून नवी होते. फळ्यावर ओहमच्या नियमाचा तक्ता मांडला. व्होल्टला अँपियरने भागलं की रोध मिळतो, त्यात काय एवढं? दोन व्होल्टला शून्य पॉइंट दोन अँपियर. चारला पॉइंट चार. सहाला पॉइंट सहा. उत्तर दर वेळी दहा ओहम, अगदी इस्त्री केल्यासारखं. काका स्टुलं पुसत होते.

"बाय, हे कवा मोजलंस?"

"आत्ताच, काका."

"कशावर? अमीटर तर मी सकाळीच दुरुस्तीला ठाण्याला धाडलाय."

त्यानंतर ते वाक्य. त्या दिवसापासून मी न मोजता काही लिहिलं नाही.

काका बारावी झालेले नाहीत. शीळफाट्याजवळच्या गावात त्यांच्या भावांच्या नावाच्या इमारती उभ्या आहेत, आणि हे मात्र रोज डबा घेऊन आमच्या लॅबमध्ये. का? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडं बसून करू काय? भाडेकरू मोजू?" स्टाफरूमचा फ्यूज सारखा उडायचा, तेव्हा आम्ही सगळे पदवीधर वायरमनला शिव्या देत होतो. काकांनी किटली उलटी करून खालचा आकडा वाचला. "हिचे अठराशे वॅट, शेगडीचे दोन हजार. झाले अडतीसशे. भागिले दोनशे तीस, साडेसोळा अँपियर. फ्यूज दहाचा. मॅडम लोक, चहा प्या नायतर पोहे गरम करा. दोन्ही नाय." हसताय काय, संदेश सर? पोहे तुमचेच होते.

आता मेमो. आठ वर्षांपूर्वी मुलांनी एक युक्ती काढली होती. रोधाच्या कॉइलवर दहा ओहमचं लेबल असलं की दहाचं उत्तर येणारा तयार तक्ता मोबाइलवर फिरायचा. मोजायचं कशाला? ही युक्ती मोडायची म्हणून एका शनिवारी कुणीतरी गुपचूप दहा आणि पंधराची लेबलं अदलाबदल केली, आणि सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत हे साफ विसरलं.

सोमवारी उर्वी नावाच्या मुलीने प्रामाणिकपणे मोजलं. सहा व्होल्टला पॉइंट एक्केचाळीस अँपियर, रोध चौदा पॉइंट सहा. परीक्षकांनी लेबल पाहिलं, दहा. "चुकलं," म्हणाले, आणि लाल पेन उघडलं. शेजारच्या मुलाने तयार तक्ता उतरवला होता, त्याला पैकीच्या पैकी. उर्वीच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा काका पुढे आले. परीक्षेत शिपायाने तोंड उघडायचं नसतं, तरी म्हणाले, "सायेब, कॉइलला बोट लावा. दहाची असती तर सहा गुणिले पॉइंट सहा, साडेतीन वॅटच्या वर. चांगली तापली असती. ही तर कोमट हाय."

साहेबांनी स्वतः जोडणी केली. आधी व्होल्टमीटर आणि अमीटर एकमेकांच्या जागी लावले, अमीटरचा काटा हलेना. ते आपण विसरून जाऊ. मग आले चौदा पॉइंट सहा. उर्वीचे गुण वाचले.

"लेबल कोणी लावलं?" साहेब कडाडले.

त्या खोलीत फक्त एका व्यक्तीला उत्तर माहीत होतं. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला, आणि काकांनी ते पाहिलं.

"मीच लावलं, सायेब. चष्मा घरी राह्यला."

मंडळी, काकांना चष्मा नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. आवडाबाई काकी मान हलवतायत बघा.

निष्काळजीपणाचा मेमो काकांना मिळाला. लेबलं मी बदलली होती. मी अंतर्गत परीक्षक होते, दोन हातांच्या अंतरावर उभी होते, आणि गप्प राहिले. हे सांगायला मला आठ वर्षं लागली.

भावनाताईंनी नियम शोधून दिलाय. आपला खुलासा खोटा होता असं कर्मचाऱ्याने स्वतः लिहून दिलं, तर मेमो रद्द होतो आणि खऱ्या माणसाच्या नावे जातो. तसा अर्ज मी टाइप करून आणलाय. या आठवड्यात काकांनी तो तीनदा परत केला. पहिल्यांदा म्हणाले, "तुझी अजून वीस वर्सं नोकरी हाय." दुसऱ्यांदा घडी करून माझ्याच पर्समध्ये ठेवला. तिसऱ्यांदा त्याच्यात वडापाव बांधून दिला.

आयोजकांचे आभार, माझं ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. जे लेबलांबाबत झालं, ते मात्र घेऊ नका.

काका, ही नवी प्रत. तेलाचा डाग नाही. सगळ्यांसमोर मागते, इथे खाली सही करा. मान हलवू नका. काका, निदान पेन तरी हातात घ्या.